गॅलरीतल्या कुंड्या आणि पिठ्या ढेकूण यांची माझ्यामागची व्यवस्था

मी, चारुलता नवनीत पाटील, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, माहेर प्रकाशा, सासर कोरीट, हल्ली मुक्काम नंदुरबार, पूर्ण शुद्धीत राहून आणि कोणाच्याही धाकाला न जुमानता हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझ्या मुलाच्या समाधानासाठी. पानामागे बसलेला मावा कोणता आणि पांढरी माशी कोणती हे ज्या बाईला कळते, तिला दाखल्याची गरज नसते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी काढून दाखवल्यास ते खोटे समजावे.

कलम १. कोरीटची शेती यजमानांनी हयातीतच मुलगा अमृत याच्या नावावर केली आहे. शेतीबद्दल मला काही म्हणायचे नाही. अमृतबद्दल आहे, ते पुढे येईल.

कलम २. माझे दागिने आणि बँकेतली शिल्लक सुरतेला दिलेली मुलगी रूपा हिला मिळावी. तिने दर दिवाळीला पाठवलेली प्लॅस्टिकची झाडेही तिलाच परत मिळावीत. "आई, यांना कीड लागत नाही," असे ती मला फोनवर समजावते. कीड लागत नाही, कारण किड्यालाही खाण्यापिण्याची काही समज असते. झाडे धुऊन माळ्यावर ठेवली आहेत.

कलम ३. नणंद तापीबाई हिला माझी स्टीलची कात्री द्यावी. मनीप्लँट चोरून आणला तरच घरात लक्ष्मी येते, अशी तिची श्रद्धा आहे. या श्रद्धेपायी ती ज्या घरी चहाला जाते तिथली फांदी नखाने खुडते आणि पदराखाली घालून पुढच्या घरी नेते. खुडलेल्या फांदीबरोबर कोणाकोणाच्या घरचे किडे फिरतात याचा तिला पत्ता नाही. माझ्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तो हिच्याच कृपेने. देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला, तर ही म्हणते, "अवं, ते तं अंगारानं भस्म शे." नवीन रोप घरात आणल्यावर पंधरवडाभर बाकीच्या झाडांपासून लांब ठेवावे, हे मी तिला आयुष्यभर सांगितले. तिने आयुष्यभर मान डोलावली. निदान कात्रीने तरी कापावे.

कलम ४. यजमान भूमी अभिलेख कार्यालयात नकाशे वाचायला जे भिंग वापरत, ते, स्पिरिटची बाटली, कापूस, साबणाच्या पाण्याचा फवारा आणि निंबोळी तेल, हे सर्व झाडांबरोबरच जावे. ज्याच्याकडे झाडे जातील त्याने पुढील गोष्टी पाळाव्यात. पान आधी उलटे करून पाहावे. वरून सगळीच पाने चांगली दिसतात. कुंडीवर मुंग्यांची रांग चढू लागली की मुंग्या मारत बसू नये. वर कोणीतरी गोड चिकटा सोडत आहे, त्याला शोधावे. पानावर बारीक जाळे आणि फिकट ठिपके दिसले तर तो लाल कोळी. त्याला कोरडी हवा आवडते, म्हणून पाने पाण्याने धुवावीत. आणि मिरचीचे पाणी मारू नये. या गावात मिरची मुबलक आहे म्हणून ती प्रत्येक गोष्टीवर ओतायची नसते.

कलम ५. अमृतचे कृषी सेवा केंद्र आहे. दुकानात आलेल्या माणसाला तो रोग विचारत नाही, एकर विचारतो. गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी सुरतेला होते. तेवढ्यात या गृहस्थाने पाठीवरचा पंप घेतला, त्यात कपाशीवरचे औषध भरले आणि माझ्या बंद गॅलरीत तो मोकळा केला. घरातल्या कुंड्यांवर. तुळशीवर, जिची पाने मी रोज चहात घालते. मी परत आले तेव्हा मोठ्या अभिमानाने म्हणाला, "माय, बठ्ठं साफ करी टाकं. आते एक बी किडा दिसाव नही."

दिसला नाही हे खरे. जास्वंदीवर ढालकिड्याची पिल्ले होती. तीही अंगावर पांढरी लोकर घेऊन फिरतात, पण आकाराने मोठी असतात, चपळ चालतात आणि पिठ्या ढेकणाला खाऊन टाकतात. ती शेजारच्या पेरूवरून आपणहून आली होती आणि मी त्यांना जपत होते. माझ्या कृषी पदवीधर मुलाने पांढरे दिसले ते सगळे मारले. पुढच्या महिन्यात ढेकूण दुपटीने परत आला, कारण त्याला खाणारे कोणी उरले नव्हते.

मी सुरतेहून परतले त्या दिवशी, अमृतने हे सांगण्याआधीच, चहा करायला मी तुळस खुडली, तेव्हा मागच्या घरातली सकीना दारात उभी होती. तिने माझा हात धरला. "चारूबेन, हाई पान तोंडमा घालू नका. औषधना वास यी ऱ्हायना." मुलाला जे सुचले नाही ते तिच्या नाकाला कळले. मी आज हे लिहायला जिवंत आहे, त्यात तिचा हात आहे.

कलम ६. हे घर माझ्या पगारातून बांधलेले असून माझे एकटीचे आहे. पुढच्या खोल्या अमृतला मिळाव्यात. मागची खोली, गॅलरी आणि सर्व कुंड्या सकीना मेहबूब मन्यार हिला मिळाव्यात. सकीना पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, देठ खुडायला जाते. पथारीवरून आली की आधी राखेने हात घासते, मगच मागच्या दाराने आत येते, कारण तिखट हात पानाला लागू नये. माझा गुडघा वाकत नव्हता त्या दिवसांत तिने रोज सकाळी काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून एकेक ढेकूण टिपला. शिकवले मी, मेहनत तिची. झाडे त्यामुळे वाचली. ती यायची म्हणून मीही वाचले, हे इथे स्पष्ट लिहिते. अमृतचे म्हणणे, तिचा घरावर डोळा आहे आणि मागचे दार विटांनी बुजवावे. डोळा कोणाचा आहे हे मला भिंगाशिवाय दिसते.

कलम ७. माझ्या देहाजवळ बाजारातले बुके आणू नयेत. त्यात फुलकिडे असतात. मी गेले तरी झाडे घरातच असणार.

पुरवणी. वरील मजकूर आज सकाळी वकीलसाहेबांनी सर्वांसमोर वाचला. कलम सहा ऐकल्यावर सकीना उठली. म्हणाली, "चारूबेन, मन्हं नाव काढा. मन्हा पोऱ्याले बाजारमा लोके बोलतस, तुन्ही माय म्हातारीनं घर गिळी ऱ्हायनी. आते कागदवर बी तेच लिखाशे का?" मी म्हटले, लोकांची तोंडे मी बंद करीन. ती म्हणाली, "तुम्हना मांगे कशी करशात? माले साक्षीदार करा." वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. ती म्हणाली, "म्हनीसनच."

माझ्या हातातले पेन घेऊन तिने स्वतःचे नाव खोडले. मला राग आला आणि रडूही आले. दोन्ही मी लपवले नाही. अमृत म्हणाला, "माय, हाई बरं झायं." मी त्याच्याकडे पाहिले नाही.

मी तिला विचारले, मग तुला काय देऊ. ती म्हणाली, "माले घर नको. माले येवानं दार पाहिजे."

म्हणून कलम सहा बदलून लिहिते. घर, गॅलरी आणि कुंड्या अमृतला मिळाव्यात. सकीना हयात असेपर्यंत मागचे दार बुजवू नये, त्याला आतून कडी लावू नये, आणि ती आली की तिला चहा द्यावा. दार बंद झाल्यास त्या दिवसापासून घर रूपाचे.

ठिकाण: नंदुरबार. दिनांक: १० फेब्रुवारी २०२५.

लिहून देणार: चारुलता नवनीत पाटील

समक्ष सही करणारे:
१. उखा दगा पाटील, निवृत्त पोस्टमास्तर
२. सकीना मेहबूब मन्यार, राहणार मागचे घर. या मृत्युपत्रातून हिला काहीही मिळत नाही.