राजाचं शेपूट

३ डिसेंबर, बुधवार

इजिप्तच्या राजाला शेपूट असतं!

खरं नव्हे — बैलाचं. कमरपट्ट्याला मागे बांधलेलं, पायांपर्यंत लोंबणारं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने, शमिकाने पुण्याहून फोटो पाठवले आणि मी फोनवर इतका हसलो की ती चिडली. "हस. आता तू प्रत्येक राजाला शेपूटच शोधत बसशील." ती पुरातत्त्वात एम.ए. करते. विषय असा — जुन्या चित्रांत राजाच्या कुठल्या मुकुटाबरोबर कुठलं वस्त्र येतं, ते आकड्यांनी दाखवायचं. आणि आकडे कोणाला येतात? दोन वर्षं स्टॅटिस्टिक्स करून, सरांशी भांडून कॉलेज सोडलेल्या या विनीतला, म्हणजे मला.

हो म्हटलं. भाट्याच्या पुळणीवरच्या कुर्ल्या मोजायला सांगितल्या असत्या तरी हो म्हटलं असतं.

५ डिसेंबर

मामाच्या दुकानात काउंटरवर बसूनच काम. सध्या गॅदरिंगचा सीझन, शाळावाले आणि नमनाचे खेळ करणारे, सगळ्यांना राजाचे ड्रेस भाड्याने हवेत. मामा लॅपटॉपमध्ये डोकावला. "ह्या उघड्या राजाचं भाडं अर्धंच घ्यावं लागेल." मग पुढे, "त्या सावर्ड्याच्या शमिकाने तुला बरा फुकट राबायला लावलान."

पण जाता जाता ओरडला, "लाल मुकुटाबरोबर हिरवा शेला देऊ नको, सेट मोडतो!" — आणि मी ताडकन उभा राहिलो. सेट! तिथेही सेटच असणार. काही जोड्या पुन्हा पुन्हा येतायत, काही एकदाही नाहीत. हे नुसत्या योगायोगाने होईल का? तेच तर मोजायचंय. कॉलेजात हे असं कोणी का नाही शिकवलं?

९ डिसेंबर

आधी परीक्षा आमचीच. तीच साठ चित्रं दोघांनी वेगवेगळी बघायची, आपसात बोलायचं नाही. शेपूट आहे, नाही, की दगड फुटल्यामुळे दिसत नाही — जे दिसेल ते लिहायचं. तसंच मुकुटाचं, दाढीचं. मग दोघांचं किती जुळतं ते बघायचं. जुळलं तर नोंदी भरवशाच्या.

शमिकाने बजावलं, "नाही जुळलं तर आमचे सर म्हणतात, हर्षदला घे." हर्षद म्हणजे तिचा सिनियर. प्रत्येक वाक्यात 'ॲक्च्युअली'.

जुळणार. जुळलंच पाहिजे.

१० डिसेंबर

साठही झाली! बरीच झिजलेली, फुटलेली. अडलं तिथे क्षणभर थांबलो — शमिका काय लिहील? तेच लिहिलं. सातवीपासून ओळखतो तिला, मला नाही कळणार तर कोणाला? एकेचाळीस नंबरचा राजा तर कमरेखाली गायबच आहे. पण माझं हसणं ऐकल्यापासून ती मला चिडवतेय, "राजा तिथे शेपूट." म्हणजे तीही तेच लिहील. लिहून टाकलं — आहे.

११ डिसेंबर

साठपैकी अठ्ठावन्न जुळली! योगायोगाचा भाग वजा केला तरी आकडा झकास. शमिका म्हणाली, "सर खूश आहेत. तूच राहा." तूच राहा! दुकान बंद करून मांडवीला गेलो, जेट्टीच्या टोकापर्यंत अक्षरशः पळत.

१५ डिसेंबर

हर्षदचा फोन. सरांनी त्याला ती चित्रं तपासायला दिलीत. "ॲक्च्युअली, एकेचाळीसला दगडच नाहीये. तुम्हा दोघांना शेपूट कशावर दिसलं?"

म्हटलं, चष्म्याचा नंबर काढून ये. अजूनही बरंच म्हटलं. फोन आपटला. मामा म्हणाला, "गिऱ्हाईक होतं?"

मग चित्र उघडलं. त्याचंच बरोबर आहे. कमरेखाली नुसती म्युझियमची भिंत. म्हणजे अडलेल्या जागी मी चित्र बघितलंच नाही, शमिकाला बघितलं. तो झकास आकडा खोटा आहे. सांगितलं तर काम हर्षदकडे. नाही सांगितलं तर शुक्रवारी ती हाच आकडा घेऊन सगळ्या डिपार्टमेंटपुढे उभी राहणार.

फोन करतो. आत्ताच. नाहीतर होणार नाही.

१६ डिसेंबर

काल सगळं सांगितलं. अडलं तिथे माझं नाही, तुझं लिहिलं. ती म्हणाली, "साठही परत करावी लागतील. हर्षद करेल." म्हटलं, बरोबर आहे. फोन ठेवणार, तेवढ्यात तीच म्हणाली,

"आणि माझ्या एकेचाळीसला शेपूट कुठून आलं, ते नाही विचारत? तिथे दगड नाही हे मला काय दिसत नव्हतं? तू तिथेही शेपूट शोधशीलच, हे माहीत होतं रे."