करकोचा विकण्याच्या आदल्या दिवशी

स्तारा झागोरा
मंगळवार, सकाळी

प्रिय कामेन,

हे पत्र स्तोइलकाका तुला सोफियात आणून देतील. त्यांच्यावर चिडू नकोस. "बहीण-भावाच्या भांडणात मला पोस्टमन करू नका," असं ते म्हणत होते, पण मीच त्यांना तयार केलं. फोनही करता आला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. परवा तू "ताई, ऐक ना, ताई, ऐक ना" म्हणत राहिलास आणि मी ऐकत राहिले. माझं म्हणणं तसंच राहून गेलं. कागद मध्येच तोडून बोलत नाही, म्हणून कागद.

घरी सगळं बरं आहे. बाबांनी अंगणात मिरच्या भाजायला घेतल्यात. धूर इतका, की समोरच्या बाईंनी खिडक्या आपटून लावल्या आणि बाबा खूश झाले. ल्युतेनित्सा चटणीच्या तुझ्या बरण्या वेगळ्या काढल्यात, यंदा तिखट जरा जास्त घातलंय म्हणाले. कंपनी विकण्याच्या उद्याच्या सहीबद्दल रोज काहीतरी टोमणा असतोच. काल म्हणाले, "वीस वर्षं जी वस्तू जगाला फुकट दिलीत, ती विकत घेणारा शहाणा कुठे सापडला रे तुम्हाला?" पण निळा सदरा इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर अडकवलाय. तू आलास की तिघांनी बाहेर जेवायला जायचं आहे.

त्यांच्या टोमण्यावरून टायरच्या दुकानावरची तुझी ती खोली आठवली. बाबा कामाला होते तो संगणकाच्या डिस्कचा कारखाना बंद पडला होता. निघताना त्यांनी चाचणीत नापास झालेल्या डिस्क पोतं भरून घरी आणल्या होत्या आणि आई म्हणायची, यांची भाजी करू का? तू कॉलेज अर्धवट सोडलेलं, मी शाळेत गणित शिकवून तुझ्या खोलीवर यायचे. त्याच डिस्कवर आपण आपला डेटाबेस, पहिला करकोचा, लिहिला. नाव तुझं. दूर गेलेला पक्षी जसा आपल्या घरट्यावर परत येतो, तशी ठेवलेली नोंद परत मिळालीच पाहिजे, असं तू त्या खोलीत हातवारे करून सांगत होतास आणि खालून टायरवाला ओरडत होता, "नाचू नका रे, माती पडतेय!"

विकायला गेलो तेव्हा कोणी दारात उभं केलं नाही. स्तारा झागोराच्या बहीण-भावाकडून डेटाबेस घेणार कोण? तेव्हा तूच म्हणालास, "फुकट देऊ. सगळा कोड उघडा ठेवू, कोणीही वाचा, कोणीही बदला. पैसे नाहीत तर नाहीत, निदान शिव्या तरी मिळतील." पहिली शिवी ब्राझीलहून आली. त्या माणसाने आपली चूक दाखवली होती आणि दुरुस्तीही लिहून पाठवली होती. तू खुर्चीवर उभा राहून ते पत्र वाचलंस. कोण कुठला माणूस, त्याने आपलं काम ओळ न् ओळ वाचलं होतं! पुढे पोलंडहून आल्या, कोरियाहून आल्या. ज्यांची तोंडं आपण कधी पाहिली नाहीत अशी माणसं आपल्याबरोबर करकोचा बांधत होती. मग गावच्या पाणीपुरवठ्याचं काम मिळालं, देखभालीचे पैसे येऊ लागले आणि मी शाळा सोडली.

आणि मग ब्रसेल्स. डेटाबेसच्या तिथल्या वेगाच्या चाचणीत आपण सगळ्या मोठ्या नावांना मागे टाकलं. त्याच्या थोडे दिवस आधी तू तो बदल केला होतास, ज्याने करकोचा एकदम पळायला लागला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कसं केलंस हे मी विचारलं तर तू डोळा मारलास. तुझा फोटो छापून आला, तो बाबांनी फ्रिजवर लावला, अजून तिथेच आहे. त्या वेगावर कंपनी उभी राहिली. पुढे मोठ्या मोठ्या कंपन्या आपलाच कोड उचलून भाड्याने देऊ लागल्या. कायद्याने त्यांना मोकळीक होती, आपणच दिलेली. आपल्या हाती मात्र काही येईना आणि पगाराच्या तारखा पुढे ढकलायची पाळी आली. म्हणून हे परदेशी लोक विकत घ्यायला आले तेव्हा मलाही हायसं वाटलं. तू एकट्याने भाव केलास, एकट्याने धावपळ केलीस, हे मी विसरलेले नाही. गेल्या दोन वर्षांत तुझे केस किती पिकले, ते मी मोजत नाही, पण बघते.

मग गेल्या आठवड्यात देस्पिनाचं पत्र आलं. ते मी तुला फोनवर घाईत सांगितलं, आता नीट सांगते. उत्तर ग्रीसमधल्या एका लहानशा रक्तपेढीत ती संगणक सांभाळते. आपल्याला एक पैसा देत नाही. द्यायचं कारणही नाही, करकोचा फुकटच आहे. वादळात तिथली वीज गेली. परत आल्यावर रक्ताच्या एका पिशवीची नोंद तिला वेगळी दिसली. तपासणीत नापास झालेली पिशवी, पडद्यावर "देण्यास योग्य". पिशवीवर लाल चिठ्ठी होती म्हणून लक्षात आलं. तिने लिहिलं होतं, "बहुतेक चूक माझीच असेल, पण जमलं तर एकदा बघाल का?" शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी आणि स्तोइलकाकांनी ऑफिसातला जुना सर्व्हर मांडला. मी नोंदी टाकत होते, ते मध्येच प्लग खेचत होते. बराच वेळ काही झालं नाही. मी चहा टाकायला उठणार, एवढ्यात ते म्हणाले, "राडा, ही नोंद नाहीये." पुन्हा केलं. पुन्हा गेली. ज्या नोंदीला करकोच्याने "झाली जतन" म्हणून उत्तर दिलं होतं, ती डिस्कवर पोचलीच नव्हती. डिस्कने हो म्हणायच्या आधीच आपण हो म्हणून मोकळे होतो. देस्पिनाची "नापास"ची नोंद अशीच हरवली आणि आधीची "योग्य" तेवढी राहिली. मागे मागे जात मी त्या ओळीपर्यंत पोचले. कामेन, ती ब्रसेल्सच्या आधीची ओळ आहे. आपला सगळा वेग तिथून येतो.

परवा तू मला म्हणालास, "बुधवारपर्यंत थांब, ताई. सही झाली की त्यांची शंभर माणसं बसतील त्याच्यावर." मी कराराचं ते पान वाचून दाखवलं, "आम्हाला ठाऊक असलेला एकही दोष नाही," त्याखाली तुझी जागा आणि माझी जागा. तू हसलास. "असली वाक्यं प्रत्येक करारात असतात गं, वाचतंय कोण?" मी वाचतेय, कामेन. मला आता ठाऊक आहे.

काल सकाळी मी ऑफिसातल्या सगळ्यांना तिथल्या स्वयंपाकघरात बोलावलं, घरून भाजून नेलेली चीजची बनित्सा मांडली आणि सांगून टाकलं. तुला न विचारता सांगितलं, हो. मग गेर्गाना म्हणाली, "राडा, तू आम्हाला विचारतेयस, की नुसतं कळवतेयस?" तिला सातवा महिना आहे, नवऱ्याचं काम सुटलंय, तुला माहीत आहे. मी म्हटलं, कळवतेय. "मग बनित्सा कशाला आणलीस? मयताचं जेवण आधीच?" असं म्हणून ती ताटली सरकवून निघून गेली. कोणीतरी पुटपुटलं, बुधवारपर्यंत अशी काय जगबुडी होणार आहे. खरं सांगायचं तर तेव्हा तुला फोन करून, बरं, थांबते, असं म्हणायचं जवळजवळ ठरवलं होतं.

संध्याकाळी देस्पिनाचा फोन आला. सगळ्या पिशव्या हाताने तपासा, असं मी तिला कळवलं होतं. तशी दुसरी एक सापडली. तिची लाल चिठ्ठी गळून पडली होती. ती पिशवी फडताळावर नव्हतीच. ती वॉर्डात पोचली होती, एका बाईच्या उशाशी, स्टँडला टांगलेली. सुई लावायची तेवढी बाकी होती. देस्पिना जिन्यावरून पळत गेली. हे सांगताना ती रडत होती आणि वर मलाच म्हणत होती, "बाई, तुम्ही रडू नका."

गेर्गानाला मी रात्री तिच्या घरी जाऊन हे सांगितलं. आज मी ऑफिसात आले तेव्हा ती टेबलाशी बसून ग्राहकांना एकेक फोन लावत होती. माझ्याकडे बघितलं नाही, पण एका कागदावर उरलेली नावं लिहून माझ्यापुढे सरकवली.

दुरुस्ती झाली आहे. करकोचा आता बराच हळू चालतो, ब्रसेल्सला नेला तर शेवटून पहिला येईल. शेवटची चाचणी आज दुपारी तीनला संपेल. संपली की या दोषाचं निवेदन दुरुस्तीसकट सगळ्या जगासाठी लावणार. आपण ज्यांना ओळखतो त्यांना फोन गेले, पण करकोचा फुकट उतरवून घेतलेली किती इस्पितळं, किती रक्तपेढ्या आहेत, हे ना तुला ठाऊक, ना मला. उद्या मी सोफियाला येणार नाही आणि त्या पानावर माझी सही होणार नाही. ते लोक उठून जातील बहुधा.

पण हे सगळं स्तोइलकाकाही तोंडी सांगू शकले असते. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच कारणासाठी. आपला कोड उघडा आहे, कामेन. निवेदन लागलं की तासाभरात कोणीतरी ती ओळ शोधून काढेल, आणि प्रत्येक ओळीशेजारी लिहिणाऱ्याचं नाव असतं. पोलंडचे, कोरियाचे, तो ब्राझीलचा, सगळे वाचतील. मग जो तो विचारेल, भाऊ कुठे होता? आणि उत्तर असेल, सोफियात, सही करायला. त्यांनी तुला शोधून काढण्याआधी तू स्वतः बोलावंस, एवढंच मला हवंय. निवेदनाची पहिली दोन वाक्यं मी लिहिलेली नाहीत. ती तुझी आहेत, तुझ्या शब्दांत, तुझ्या नावाने. तीनच्या आत पाठव. नाही पाठवलीस तर मी तिथे माझं नाव घालेन आणि कंपनीची चूक म्हणून लिहीन. तुझं नाव माझ्या हातून जाणार नाही. तू हे वाचशील तेव्हा स्तोइलकाका खाली गाडीत असतील. उत्तर काहीही असलं तरी तुला घेऊनच ये, असं मी त्यांना सांगितलंय.

तुझीच,
राडाताई