ओठांवरचं बोलणं

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

“आवाज चढवू नकोस, तोंड इकडे कर,” असं आई आपल्याला म्हणायची, आठवतं? मला ते काल आठवलं, तेही उशिरा.

जुन्या गिरणीच्या विणकाम खात्यात आमचं कलादालन उघडलं. पहिल्या प्रदर्शनाला मी मोठ्या शहरात गाजलेली एक कलाकृती आणली. छताला टांगलेले छोटे स्पीकर, त्यांतून बायका कुजबुजतात, आपण कान लावायचा. तिकडे रांगा लागल्या होत्या. इथे गिरणीत राबलेल्या बायका हौसेने आल्या, स्पीकरखाली उभ्या राहिल्या, एकमेकींकडे बघून हसल्या आणि चहा पिऊन गेल्या. मागांच्या खडखडाटात निम्म्या गावाचे कान गेलेत, हे विणकरणीच्या मुलीने विसरावं?

संचालक म्हणतात, गाव येत नसेल तर इथे गोदाम केलेलं बरं. ताई, तुम्ही मागांवर नुसत्या ओठांनी बोलायचात ना? ते अजून कुणाला येतं?

तुझ्या रागालोभाची वाट बघणारी,
धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

एवढं शिकलीस आणि बहिऱ्यांना कुजबुज ऐकवलीस! हसताना माझा चहा सांडला. तुझ्या भावजींना वाचून दाखवलं नाही, तुझी अब्रू राखली.

ते सगळ्या जणींना येतं. पोहणं कुणी विसरतं का? तुझ्या मागच्या गल्लीतल्या मैनेकडे जा. जेवायच्या वेळी जाऊ नकोस, तोंडात घास असला की तिचं काही कळत नाही. आणि कलेचं नाव काढू नकोस, गप्पांना बोलाव. मुकादमाच्या टकलापासून त्याच्या सासूपर्यंत सगळं आम्ही त्याच्या नाकासमोर बोललोय, पण कला म्हटलं की बायका लाजतील.

मला यात ओढू नकोस. मी फोटोलासुद्धा उभी राहत नाही.

आशीर्वादात कमी नाही, कानउघाडणीतही नाही.
ताई

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. कुजबुजवाल्या कलाकार बाई आधी रुसल्या, मग स्वतः येऊन राहिल्या. स्पीकर उतरवले. आता भिंतींवर चित्रफितींतले बायकांचे मोठाले चेहरे बोलतात, आवाजाशिवाय. मैनेने मुकादमाची सासूसुद्धा सोडली नाही. अख्खं दालन हसतं आणि बाहेरून आलेले पाहुणे शेजारणीला विचारतात, काय म्हणाली? संचालकही विचारतात. गोदामाचं नाव त्यांनी परत काढलेलं नाही.

मीही विचारते. मला ते कधी आलंच नाही. तू आईबरोबर मागावर गेलीस, मला शाळेत घातलं. मी वसतिगृहात निघाले त्या सकाळी आई माझ्या डोक्यावरून तुझ्याकडे बघत ओठांनी काहीतरी म्हणाली. तू मान हलवलीस आणि माझी पेटी उचललीस. ती काय म्हणाली, हे मी आजवर विचारलं नाही.

एक भिंत मी मोकळी ठेवली आहे. तेवढंच एक वाक्य तिथे बोल. आवाज नको. गावाला कळेल, मला कळणार नाही, आणि मी कुणाला विचारणारही नाही.

तू नाही म्हणणार, ठाऊक आहे. तरी ये.

तुझ्या नकारासकट तुझीच,
धाकटी