काकूच्या खोलीतली टाकी

ती. दादास साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त उभ्यानेच घालतो). तुझा गुडघा कसा आहे? वहिनींनी तुझं गोड बंद केलं म्हणे. मनाला लावून घेऊ नकोस. इकडे काकू, म्हणजे तुझी आई, खुशाल आहे. माझी कंबर धरली ती तिच्यापायीच, पण ते क्रमाने सांगतो.

आयुष्यभर मी लोकांच्या इमारती उबदार ठेवण्याच्या योजना आखल्या आणि स्वतःच्या घरात कुडकुडत बसलो. यंदा बायकोने निर्वाणीचं सांगितलं, तेव्हा घरात गरम पाण्याचे पाइप फिरवले. दाबाची भानगड नको म्हणून उघडी पद्धत घेतली: तळघरात बॉयलर आणि सगळ्यांत उंचावर एक उघडी टाकी. पाणी तापून फुगलं की जास्तीचं टाकीत चढतं, कशावरही ताण येत नाही (बायकोचा आणि माझा स्वभाव असा असता तर काय हवं होतं). आता सगळ्यांत उंच जागा म्हणजे काकूची माळ्यावरची खोली. खाली राहायला ये म्हणून तिला किती विनवलं, पण त्या खिडकीतून रस्त्याच्या वळणापर्यंत दिसतं, म्हणून ती हलत नाही. शेवटी टाकीच तिच्याकडे राहायला गेली.

आणि गुडगुडू लागली. काकू जेवताना म्हणाली, "तुझी टाकी फार बोलते रे." झालं, मी इरेला पेटलो. पाइपाला टाकीपर्यंत सलग चढ हवा, म्हणजे आतली हवा मुकाट्याने निघून जाते. माझ्याच हातून एके ठिकाणी पाइप खाली लोंबून झोळ राहिला होता, तिथे हवा अडकून गुडगुडायची. हे बायकोला कळू नये म्हणून ती बाहेर गेल्यावर एकटाच पाइप सोडवायला बसलो आणि आधी पाणी काढून टाकायचं तेवढं विसरलो. काळंकुट्ट पाणी धुतलेल्या चादरींवर, चादरी माझ्या अंगावर आणि मी जिन्यावर. तरी झोळ काढलाच. टाकी गप्प झाली. शाबासकी घ्यायला कंबर धरून वर गेलो, तर काकू टाकीवर हात ठेवून बसलेली.

"बंद पडली का रे? तुम्ही दोघं कामावर गेलात की दिवसभर तेवढीच बोलायची माझ्याशी."

मला फार वाईट वाटलं, दादा. तसाच खाली आलो.

तुझा,
धाकटा (अजून ओलाच)

ता. क. चादरींचं वहिनींना सांगू नकोस, त्या लगेच माझ्या बायकोला कळवतील.

आणखी एक ता. क. झोळ मी पुन्हा होता तसा करून ठेवला आहे. धंद्यातल्या कुणापाशी बोलू नकोस, अब्रू जाईल. टाकी गुडगुडते, काकू खुशीत आहे. पण "आई, जेवलीस का?" एवढं काही टाकीला विचारता येत नाही. ते तूच येऊन विचार. ती खिडकीशीच असते.