अवंतीच्या कपाळावरची आठी

कोल्हापूर,
९ जून २०२५

ती. स्व. दादास,
मृदुलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानांमुळे फोनवर बोलणं म्हणजे मी ओरडायचं आणि तू भलतंच उत्तर द्यायचं, म्हणून पुन्हा कागदच घेतला. गेल्या खेपेला मी वहिनीच्या गुडघ्यांचं विचारलं आणि तू आंब्यांचा भाव सांगितलास. शेजारच्या बाईंनाही हसू आवरेना.

आज हसण्याजोगंच लिहायचं आहे. आमची अवंती गेली त्याला या श्रावणात दोन वर्षं होतील. तेव्हापासून मी तुला एकही सुखाचं पत्र लिहिलेलं नाही, हे मला कळतं. परवा ह्यांनी फोन माझ्यापुढे धरला, तर त्यात अवंती! हिरवा शालू, मुंडावळ्या, मनगटभर चुडा. ह्यांनी तिचे जुने फोटो त्या एआयला दिले आणि नवरी करून दाखव म्हणून लिहिलं. दूध उतू जायच्या आत चित्र तयार. तू एक चेहरा करायला महिनेच्या महिने घेतोस आणि वर चहा किती पितोस!

दादा, मी रडले नाही. कितीतरी दिवसांनी भाकरी गोड लागली. लग्नाच्या वयात तापाने पोर गेली. जे बघायचं राहून गेलं होतं, ते डोळ्यांनी बघितलं. सोबत छापील प्रत पाठवते आहे. कॉलेजची वर्षं ती कारेलीबागेत तुमच्याच घरी राहिली, तुमचाही तिच्यावर तेवढाच हक्क. देवघराजवळ लावा. कसं वाटलं ते लगेच कळव.

वहिनीस नमस्कार. तुमच्या मायेवर उभी आहे, ती आटू देऊ नका.

तुझी
मृदुला

---

बडोदे,
२१ जून २०२५

चि. सौ. मृदुला हिस,
दादाचे अ. उ. आ.

पत्र आणि चित्र दोन्ही पोचलं. तू पोटभर जेवलीस हे वाचून मंदा देवापुढे साखर ठेवून आली. तिचे गुडघे तसेच आहेत. शिकवणीची मुलं जिना चढून वर येतात, तिला उतरावं लागत नाही, एवढंच बरं. आंब्यांचा भाव मात्र मी बरोबर सांगितला होता.

चित्राचं विचारलंस म्हणून लिहितो. मुलगी देखणी आहे. पण मृदुला, ही आपली अवंती वाटत नाही. अवंतीचं नाक आपल्या आबांचं, बुडाशी रुंद. डावी पापणी उजवीपेक्षा जराशी खाली. हिचं सगळं मापात बसवलेलं आहे. त्यात यंत्राला तरी काय बोलणार? तिचे सगळे फोटो गोरं आणि बारीक करणाऱ्या फिल्टरमधून काढलेले. तिला तेच आवडायचे. यंत्राला जे मिळालं, ते त्याने आणखी घोटलं.

माझं काम बसलं आहे. खंडेराव मार्केटजवळचा फ्रेमवाला मला गेलेल्या माणसांच्या तैलचित्रांची कामं द्यायचा. आता गिऱ्हाईक फोनवरच वडिलांना कोट-फेटा चढवतं, कॅनव्हासवर छापून घेतं आणि त्याच संध्याकाळी भिंतीवर टांगतं. गेल्या आठवड्यात पादरा गावचे एक शेठ असाच छापील कॅनव्हास घेऊन आले. काका, उपर जरा ब्रश मारी आपो ने, ओरिजिनल लागे, म्हणाले. छापलेल्या गालांवर बिनरंगी वॉर्निशचे फटकारे मारायचे, हाताने काढल्यासारखं दिसावं म्हणून. आणि मी ते मारून दिले. जन्मभर माणसं समोर बसवून काढली त्या हाताने. शेठ खूश होऊन गेले. मी दुपारभर ब्रश धूत बसलो, खरं तर धुण्यासारखं त्याला काही लागलं नव्हतं.

राग मानू नकोस. जेवत राहा. सुभानरावांना नमस्कार.

तुझा
दादा

---

कोल्हापूर,
१४ ऑगस्ट २०२५

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

राग मानू नकोस म्हणालास, पण मानला. म्हणून इतके दिवस गप्प होते. नाक काय, पापणी काय! आईला मुलीचा चेहरा शिकवतोस?

इकडे बरंच काही झालं आहे. नवरीनंतर ह्यांनी तिचा संसार दाखवला. स्वयंपाकघरात, गाडी चालवताना, डोहाळजेवणात फुलांचे दागिने घालून. नागपंचमीला तिच्या मांडीवर बाळ आलं. मुलगा आहे. मी त्याला आशय म्हणते. भिशीत बायकांना दाखवला, तर नव्याने आलेली एक बाई म्हणाली, नातू अगदी आजीवर गेलाय हो. मी काही तिला खरं सांगितलं नाही. घरी येऊन आरशात बघितलं.

आता मुद्द्याचं. तू काढलेलं तिचं तैलचित्र मला बघवत नाही. कपाळाला आठी, ओठ मिटलेले, दुखणेकऱ्यासारखी. घरात रोज ती हसते आणि भिंतीवर तेवढी रुसून बसलेली. ते मी उतरवून पार्सलने तुझ्याकडे पाठवलं आहे. त्याच कॅनव्हासवर तिला हसरी काढ, फोनमधल्यासारखी. चार प्रती सोबत ठेवल्या आहेत. दुसरं नवं नको. ते जुनं कुठेतरी शिल्लक आहे, हे मनात राहिलं तर मला डोळा लागणार नाही.

मामाने भाचीसाठी एवढं करावं. पुढच्या पत्रात हो एवढंच लिही, म्हणजे राग गेला समजेन.

मृदुला

---

बडोदे,
२५ ऑगस्ट २०२५

चि. सौ. मृदुला हिस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल आलं. चित्र भिंतीला टेकवून ठेवलं आहे आणि मी समोर बसून लिहितो आहे.

ती आठी दुखण्याची नाही. अवंती आमच्या गॅलरीत खुर्चीवर बसायची आणि मी काढायचो. मामा, नाक थोडं बारीक कर, मैत्रिणींना दाखवायचंय, म्हणाली. मी म्हटलं, जमणार नाही. आपले पणजोबा सरकारी पागेत याच नाकावरून ओळखले जायचे. मग बाईसाहेब रुसल्या. रुसूनच बसायला लागल्या आणि मी तो रुसवाच काढला. चित्र झाल्यावर मात्र त्याच्यासमोर उभी राहून हसली होती.

तुझ्यापाशी तिचे हजार फोटो आहेत आणि एकातही ती नाही. कुणी समोर बसून, तिच्याकडे बघून केलेलं असं हे एकच आहे. तुला नव्या कॅनव्हासवर हवं तेवढं मोठं, हवं तसं हसरं काढून देतो. यावर हात चालवायला सांगू नकोस. तुझ्या पाया पडतो म्हण हवं तर, मोठा असलो तरी.

तुझा
दादा

---

कोल्हापूर,
१८ सप्टेंबर २०२५

आदरणीय दादासाहेब,
सुभानरावचा सप्रेम नमस्कार.

मृदुलाला न सांगता लिहितो आहे. तुमचं पत्र वाचून तिने फाडलं. पोरीने स्वतः नाक बारीक कर म्हणून सांगितलं होतं, तेव्हा मामाने ऐकलं नाही, आता आईचंही ऐकत नाही, असं म्हणाली आणि आत जाऊन निजली. त्यानंतर जेवण जवळजवळ सुटलंच आहे.

हे सगळं मी सुरू केलं. रेल्वेतून निवृत्त झालो, दिवस खायला उठत होता. बायको हसावी म्हणून एक चित्र केलं. आता ती सकाळी उठली की विचारते, आज अवंती काय करते आहे? मी रोज काहीतरी करून दाखवतो. एक दिवस मुद्दाम नाही केलं, तर तिने दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. नातेवाइकांकडे जाणं बंद, देवळात जाणं बंद. बाळाला दात आले का, असं तिने परवा विचारलं. मी दातांचं चित्र केलं. दादासाहेब, मीच केलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, त्या ती घेत नाही. माझ्या मनात एकच आशा आहे. फोनमधलं चित्र कधी पुरं होत नाही, उद्या आणखी एक निघतं. तुमचं चित्र पुरं होतं. तुम्ही सही केली की त्यात बदल नाही. तसं एक पुरं झालेलं तिच्या समोर आलं, तर कदाचित ती थांबेल. तिला हवं तसं करून द्या. तुमची कला मोठी आहे हे मला कळतं, पण माझ्या घरात आता एकच माणूस उरलं आहे.

वहिनीसाहेबांना नमस्कार. उत्तर शेजाऱ्यांच्या पत्त्यावर पाठवा.

आपला
सुभानराव

---

बडोदे,
२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मृदुला हिस,
दादाचे आशीर्वाद.

तुझ्या मनासारखं केलं आहे. त्याच कॅनव्हासवर. चित्र उद्या पार्सलने निघेल. रंग अजून आतून ओला आहे, भिंतीवर उन्हासमोर लावू नकोस.

गेलेल्या भाचीच्या चेहऱ्यापेक्षा जिवंत बहीण मोठी, असं ठरवून ब्रश हातात घेतला. मंदा तेवढे दिवस खोलीत आली नाही. चहा दाराशी ठेवून जायची.

आता जेव. गोळ्या घे. यापेक्षा जास्त लिहवत नाही.

दादा

---

कोल्हापूर,
१२ जानेवारी २०२६

ती. स्व. दादास,
मृदुलाचा नमस्कार.

तुझं चित्र आलं त्या दिवशी मी घरात गोड केलं होतं. आठवडाभर त्यासमोरच बसले. मग मला ते फोनमधल्या अवंतीसारखं दिसेना. ह्यांनी रोज केलेली चित्रं एकामागून एक बघितली, तर जूनमधली वेगळी, दिवाळीतली वेगळी. हनुवटी बदललेली, डोळे बदललेले. कुठल्या चित्रावर मुलगी म्हणून हात ठेवायचा तेच कळेना. तरी मी बघतच राहिले.

परवा कोमल आली होती. तुला आठवत असेल, अवंतीची बडोद्याची मैत्रीण. एका बाकावर बसायच्या, तुमच्याकडे जेवायलाही यायची. सासरच्यांबरोबर अंबाबाईच्या दर्शनाला आली होती, आठवणीने घरी आली. मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तर ती भिंतीवरच्या चित्राकडे बघत होती. मला म्हणाली, काकी, ही अवंतीची मोठी बहीण का? बहीण असल्याचं ती कधी बोलली नव्हती.

दादा, माझ्या हातून तांब्या सुटला. ती बिचारी घाबरली, माफी मागायला लागली. मी सांडलेलं पाणी पुसत बसले. ती गेल्यावर डोळे मिटून अवंतीला आठवायला बसले. आवाज आठवतो. वेणी घालताना मान कशी खाली घालायची ते आठवतं. चेहऱ्याच्या जागी फोनमधलीच येते. कितीही ढकललं तरी तीच हसत येते.

मला ते रुसलेलं परत दे. वरचा रंग खरवडून काढ, काही कर. आमच्याकडे त्या चित्राचा धड फोटोही नाही. गौरीच्या आराशीच्या फोटोत मागे दिसतं, त्यावर नेमकी ट्यूबलाइटची चकाकी. लहानपणच्या फोटोंत ती अजून पोर आहे, आणि मोठेपणीचे सगळे त्या फिल्टरमधले.

तुझ्याशी भांडले, तुझं पत्र फाडलं. ते सगळं विसर आणि तेवढं दे.

मृदुला

---

बडोदे,
२० जानेवारी २०२६

चि. मृदुलास,
आशीर्वाद.

कसं लिहू? जुन्या रंगाचे थर जाड होते. त्यावर नवा चेहरा बसेना, आठीचा उंचवटा वर यायचा. म्हणून मी खालचं सगळं आधी सुरीने खरवडून काढलं होतं. खाली आता काही नाही.

तुझं पत्र आल्यापासून आठवून काढायला बसतो आहे. मी, ज्याने ते नाक बघून बघून काढलं. कोळसा कागदाला लागला की हात आपोआप बारीक नाक काढतो. तुझ्या चार प्रती बघत काम केलं ना, हाताला तेच वळण लागलं. पापणी खाली होती, असं मी तुला लिहिलं होतं. डावी की उजवी, ते मंदाला विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच सांगायचात.

कोमलला बोलावून घेतलं. तिने मनापासून सांगितलं, पण तिला हसणं आठवतं, नाक नाही.

तू इकडे ये. तू सांग, मी काढतो. तुझ्या पोटची आहे, तुझ्या बोलण्यातून काही हाताला लागलं तर लागेल. खात्री देत नाही. पण एकटा बसलो तर वेडा होईन.

वाट बघतो.

दादा

---

बडोदे,
१६ फेब्रुवारी २०२६

श्री. सुभानराव यांस,
मंदाचा नमस्कार.

मृदुला परवा इथून निघेल, तेव्हा तिला घ्यायला स्टेशनवर या. तिच्याआधी तुमच्या हाती पडावं म्हणून हे पत्र कुरियरने पाठवते आहे.

ती आल्यापासून दोघं रोज गॅलरीत बसत होते. ती सांगायची, हे काढायचे. गाल असे नव्हते, म्हणायची. मग कसे होते, हे विचारायचे, तर तिला सांगता यायचं नाही. कानांवरून भांडण झालं. दोघं लहानपणीसारखे एकमेकांवर ओरडले, यांना ऐकू येत नाही म्हणून ती आणखी मोठ्याने. मग दोघं रडले. माझी शिकवणीची मुलं पुस्तकं मिटून बसली होती. मी त्यांना घरी पाठवलं. कागदांचा ढीग झाला, अवंती एकाही कागदावर आली नाही. ती येणार नाही असंच मला वाटतं. तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

शेवटी यांनी काढणं थांबवलं आणि मृदुलाला म्हणाले, तू नुसती बस. तिला वाटलं पुन्हा अवंतीच. पण यांनी तिलाच काढलं. केस पिकलेले, गालफडं बसलेली, गळ्यापाशी हाडं वर आलेली. एका सकाळीच झालं. तिने कागद हातात घेऊन कितीतरी वेळ बघितला. मग मी इतकी वाळले का, म्हणाली. यांनी मानेनेच हो म्हटलं. त्या दिवशी तिने मागून पोळी घेतली आणि दुपारी झोपली. मी दोनदा जाऊन श्वास चालू आहे ना ते बघून आले, इतकी गाढ.

बरी झाली असं मी म्हणत नाही. गाडीत बसायच्या आधीच तिचा हात फोन शोधत असेल. घरी आल्यावर दोन-चार दिवस गप्प राहील आणि मग एका सकाळी तुम्हाला विचारेल, आज अवंती काय करते आहे? ती विचारणारच. रडेल, जेवण टाकेल, तुम्हाला नको नको ते बोलेल. सुभानराव, तेव्हा चित्र करू नका. तिला सांगा, अवंती नाही. तुमच्या तोंडून हे तिने अजून एकदाही ऐकलेलं नाही, असं तीच मला म्हणाली.

तुमच्यावर हे ओझं घालताना मला बरं वाटत नाही. पण दुसरं कोण आहे? प्रकृतीला जपा, आणि आम्हाला परकं समजू नका.

आपली
मंदा