दोन घासांच्या बशा

अल्माती, २ सप्टेंबर २०१२

ती. अपके हिस,
धाकट्या भावाचा, बेइबितचा, सलाम वि. वि.

पत्र मुद्दाम गावच्या गाडीवाल्याबरोबर पाठवतोय. फोनवर तुला काही विचारलं की शेजारून कोकेच उत्तर देतात, आणि वडिलांनाच विचारायचं की तुम्हाला जेवायला कुठे नेऊ, हे बरं दिसत नाही.

नोव्हेंबरात माझं लग्न, आणि अजून दोन्हीकडची वडीलधारी एका टेबलाशी बसलेली नाहीत. मेरुएर्तच्या आईने घरी बोलावलं होतं, पण आपले कोके! व्याह्याला मीच जेवू घालणार, तेही त्याच्याच शहरात, म्हणून हटून बसलेत. तेव्हा जागा शोधणं माझ्याकडे आलं.

दोन पाहून आलो. एक वर डोंगराच्या अंगाला. टेबलावरचं कापड पार जमिनीपर्यंत, सगळे हळू बोलतात, बशी परातीएवढी आणि तिच्यात अन्न दोन घास. वाढपी शेजारी उभा राहून त्या दोन घासांची कुळकथा सांगतो. अशा बशांमागून बशा येतात. दुसरी जागा तंबूसारखी सजवलेली. गालिचे, दोंब्रा वाजवणारा, आणि उकडलेल्या मांसाची परात दोघांनी मिळून उचलून आणायची. मला पहिली बरी वाटते. मेरुएर्तचे वडील सागिंदिक-आगा असल्या ठिकाणी नेहमी जाणारे. त्यांच्यापुढे आपण गावंढळ दिसायला नको. तुझं काय मत, लगेच कळव.

लोभ आहे तो असाच वाढू दे.
तुझा, बेइबित


केगेन, ५ सप्टेंबर

चि. बेइबित यास,
थोरल्या बहिणीचे, शोल्पानचे, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसले आणि मग तुझा रागच आला. कोके त्या वाढप्याला विचारतील, बाबा रे, आमच्या आधी कुणी खाऊन गेलं का? घोड्यांच्या कळपामागे आयुष्य काढलेला माणूस तो, त्याला तू दोन घासांवर बसवणार! आणि गावंढळ दिसायला नको म्हणजे काय? आहोतच आपण. मुलगी देताना त्यांना ते ठाऊक नव्हतं का? तंबूवाली जागा ठरव आणि मोकळा हो.

कोके बरे आहेत. जेवण जरा कमी झालंय, पट्ट्याला परवा नवं भोक पाडून घेतलं. वय झालं, चालायचंच. काळा कोट उन्हात घालून ठेवलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की व्याह्याला भेटायला निघालोय. तू आपलं काम बघ, उगाच काळजी करत बसू नकोस.

आठवण ठेव.
तुझी, शोल्पान


अल्माती, ९ सप्टेंबर

ती. अपके हिस,
सलाम वि. वि.

जिंकलीस तू. तंबूवाली जागा ठरवली, सगळ्यात मोठी परात सांगितली. आमचे कोके एकटेच अर्धी संपवतात, अशी फुशारकी मी मेरुएर्तच्या घरी मारून आलोय. सागिंदिक-आगा खूश झाले. म्हणाले, शहरातली माणसं नुसती चिवडत बसतात, खूप दिवसांनी खरा खाणारा माणूस समोर बसणार. आता कोकेंना सांग की दोन दिवस आधीपासून पोट रिकामं ठेवा!

तुझा, बेइबित


केगेन, ११ सप्टेंबर

चि. बेइबित यास,
अ. उ. आ.

ती जागा रद्द कर. आजच्या आज.

तुला खोटं लिहिलं होतं. उन्हाळ्यापासून कोकेंच्या घशाखाली घास उतरत नाही. आधी मांस बंद झालं, मग भाकरी. आता मी मांसाचं पाणी गाळून देते, तेही थांबत थांबत पितात. माझं लक्ष नाही असं वाटलं की ताटातलं हळूच कुत्र्याला घालतात. तालुक्याच्या दवाखान्यातून मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. अन्ननलिकेत गाठ आहे. कापून काढण्याच्या पलीकडे गेली म्हणाले. वर्ष निघेल का, म्हणून विचारलं, तर त्यांनी कागद घडी घालून माझ्या हातात दिले.

लग्न होईपर्यंत तुला सांगायचं नाही, असा शब्द कोकेंनी माझ्याकडून घेतला होता. तो मी मोडतेय. पण व्याह्यांना मात्र कळू देऊ नकोस. कोकेंना एकच हवंय, की सागिंदिक-आगांनी त्यांना एकदा तरी धडधाकट माणूस म्हणून बघावं. कीव करणाऱ्यांबरोबर जेवायचं नाही म्हणतात. त्या परातीपुढे ते कसे बसतील रे? सगळ्यांच्या नजरा त्यांच्या हातावर, आणि हात थाळीतून वर येणार नाही.

तुझी ती डोंगराकडची जागा घे. तिथे सगळेच दोन घास खातात. तिथे कोके आजारी दिसणार नाहीत. तुला हसले होते मी. आता हात जोडते.

तुझी, शोल्पान


अल्माती, १४ सप्टेंबर

ती. अपके हिस,
सलाम वि. वि.

पत्र गाडीतळावरच फोडलं. नंतर किती वेळ तिथल्या बाकावर बसून होतो कोण जाणे. तू एकटीने हे सगळं कसं गिळून ठेवलंस? आई असती तर तिने तरी तुझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असतं. मी फोनवर नुसते विनोद करत राहिलो.

डोंगराकडच्या जागी जाऊन आलो. मुख्य आचाऱ्याला सरळ खरं सांगितलं. तो म्हणाला की तुमच्या वडिलांची बशी इतरांसारखीच दिसेल, पण आतलं सगळं मऊ आणि गाळलेलं असेल. मला करूनही दाखवलं. शेजारी ठेवल्यावर मलाच ओळखू येईना. २३ तारखेच्या रविवारचं ठरलं.

तू येऊ नकोस, अपके. राग मानू नकोस. तू सारखी त्यांच्या गळ्याकडे बघत राहशील आणि सगळं उघडं पडेल.

तुझा, बेइबित


अल्माती, २४ सप्टेंबर

ती. अपके हिस,
सलाम वि. वि.

काल जेवण झालं. कोके आजच्या गाडीने येताहेत. हे पत्र गाडीवाल्याकडे वेगळं दिलंय, ते झोपल्यावर वाच.

सुरुवात फार छान झाली. काळ्या कोटात कोके असे ताठ बसले होते की वाढपी दर वेळी आधी त्यांच्याकडेच यायचा. त्याच्या कुळकथा ऐकून त्यांनी विचारलं की या गाजराचे आजोबा कोण. सागिंदिक-आगा हसता हसता डोळे पुसायला लागले. बशा येत होत्या, रिकाम्या होऊन जात होत्या. मला वाटलं, निभावलं.

मग ती थाळी आली. सागिंदिक-आगांनी मला न सांगता दुसऱ्याच आचाऱ्याला परस्पर सांगून ठेवलं होतं. आपल्याहून वडील व्याही एवढ्या दुरून येणार आणि त्याच्यापुढे मेंढ्याचं डोकं ठेवायचं नाही, हे त्यांच्या मनाला पटेना. तोंड कोकेंकडे करून, सुरीसकट थाळी समोर ठेवली. त्यांनी मान दिला बिचाऱ्यांनी, त्यांना कसं कळणार?

कोकेंनी दुवा मागितली आणि सुरी उचलली. कापणाऱ्याने पहिला तुकडा स्वतः खायचा. सगळे तेवढ्यासाठी थांबलेले. पण कोकेंनी थाळी फिरवली, तोंड माझ्याकडे केलं, सुरीची मूठ माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, बेइबित, तू काप.

अपके, बाप जिवंत असताना डोक्याला सुरी लावणारा मुलगा तू कधी पाहिलास? मी नाही म्हणालो असतो तर त्यांना सगळ्यांसमोर कारण सांगावं लागलं असतं. हो म्हणायचं म्हणजे ते नाहीतच असं धरून वागायचं. मी सुरी घेतली. गालाचा तुकडा कापून खाल्ला. कान मेरुएर्तच्या धाकट्या बहिणीला दिला. सागिंदिक-आगांनी आपला वाटा दोन्ही हातांनी घेतला आणि पुन्हा मान वर केली नाही. त्यांना सगळं कळलं. जे लपवायला ही जागा निवडली, ते माझ्याच हाताने मी सांगून टाकलं.

निघताना त्यांनी कोकेंना मिठी मारली ती सोडेनात. लग्न पुढच्याच महिन्यात उरकू या म्हणाले. कोके हो म्हणाले. मला मात्र कालपासून माझ्या हाताकडे बघवत नाही.

माझ्यावर माया राहू दे.
तुझा, बेइबित


केगेन, २७ सप्टेंबर

चि. बेइबित यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी तुझ्यावर भयंकर चिडले. सुरी उचलवली कशी तुला? खोकल्याचं निमित्त करायचं, थाळी खाली पाडायची, काहीही करायचं. रात्रभर मनात तुला शिव्या घातल्या आणि सकाळी सरळ कोकेंना जाऊन विचारलं. आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं?

ते अंगणात उन्हाला बसले होते. म्हणाले, बेइबितला बोलू नकोस, निमित्त मलाही करता आलं असतं. खोकायला कितीसा वेळ लागतो? पण सुरी हातात घेतली आणि मनात आलं की मी गेल्यावर कुणीतरी बेइबितपुढे असंच डोकं ठेवणार. तो सुरी कशी धरतो, पहिला वाटा कुणाला देतो, हे कुठल्याच बापाला बघायला मिळत नाही. माझ्या बापाला माझं बघायला मिळालं नाही. मला मिळालं.

मी आत गेले आणि पिठाच्या डब्यापाशी बसून रडून घेतलं. बाहेर आले तर म्हणतात, पोराने सगळं ठीक केलं, पण कान फार जाड कापतो. शनिवारी बोलाव त्याला. मेंढा बघून ठेवलाय. मी शेजारी बसून दाखवतो.

उत्तर लिहीत बसू नकोस, गाडीत बस.

आम्ही वाट बघतोय.
तुझी, शोल्पान