एकाच कार्डाला नऊ आणि पाच

सगळ्यात आधी आला देवव्रत. हातात मिठाईचा पुडा. हा माझ्या मुलाचा, राजेशचा मित्र, दर गणपतीला आमच्याकडे जेवणारा, काळ्या वाटाण्याची आमटी मागून मागून घेणारा. त्याच्या मागून त्याच्या कंपनीच्या शर्मिष्ठा मॅडम आल्या, जिन्याने दमलेल्या. राजेश घरातच होता, पण बाहेरच्या खोलीत आला सगळ्यांच्या शेवटी. ही मंडळी कशाला आली ते पुढे सांगते. वकीलबाई म्हणाल्या, आजी, आधी स्वतःचं लिहा. म्हणून ते आधी.

मी वनमाला जयवंत परुळेकर, राहणार मुलुंड पूर्व, शिक्षण चौथी, पण डोकं जाग्यावर. डॉक्टर नंदकिशोर यांनी परवाच तपासून तसं लिहून दिलं आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही. कोणी भरीला घातलं म्हणून नाही, कोणाच्या धाकाने नाही, मी आपणहून माझ्या मागची व्यवस्था लावून ठेवते आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात व्यवस्थापक म्हणून राजेशचं नाव होतं. आता माझी सून नीला हिला नेमते. ती राजेशची बायको असली तरी माझ्या बाजूची आहे.

कलम १. राहती जागा राजेश आणि माझी मुलगी श्वेता यांना अर्धी अर्धी. बँकेतली ठेवसुद्धा तशीच. मुलगी बोरिवलीला दिली म्हणजे तिचा हक्क खाडीत बुडाला, असं आमच्या घरात नाही.

कलम २. माझ्या पाटल्या श्वेताच्या मुलीला, श्रुतिकाला. घावण्यांचा बिडाचा तवा नीलाला. तो साबणाने घासू नये, हे मी जिवंतपणी शंभरदा सांगितलं, आता लिहून सांगते.

कलम ३. ह्यांची पक्कड आणि पाने नातवाला, नितेशला. गिरणी बंद पडल्यावर हे भांडुपला एका कारखान्यात लागले. तिथे च्युइंगमच्या पाकिटांत क्रिकेटवाल्यांची कार्डं भरायची. मशीन अडलं की हीच पक्कड.

कलम ४. गावच्या घरातला माझा वाटा दीर भाऊ यांना. मला न विचारता दारातला फणस तोडला ते मी विसरलेली नाही, पण घर त्यांनीच शाकारलं.

कलम ५. आता कार्डं. ही दोन आहेत आणि दोन्ही एकाच खेळाडूची. तेव्हा तो नवखा होता, पुढे गाजला. कारखाना बंद झाला त्या दिवशी ह्यांनी मालकाला सांगून दोन आणली, एक राजेशला, एक श्वेताला. म्हणाले, "दोघांकय सारख्याच हाडलंय, भांडाण नको." त्या दसऱ्याला ह्यांनी हत्यारांची पूजा मांडली. राजेशने आपलं कार्ड पक्कडीशेजारी ठेवलं. श्वेताने नाही दिलं, माझं खराब होईल म्हणाली. मी कुंकू वाहिलं, ते राजेशच्या कार्डाच्या कोपऱ्याला लागलं. अजून आहे. दोन कार्डांत फरक तेवढाच.

हल्ली अशा जुन्या कार्डांना मोल आलं आहे. गोरेगावला एक कंपनी आहे, नाव वकीलबाईंनी लिहू दिलं नाही. ते लोक भिंगाखाली कार्ड बघतात, दहापैकी आकडा देतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून पाठवतात. देवव्रत तिथेच आकडे देतो. राजेश म्हणाला, दोन्ही पाठवू. पाठवली. राजेशचं आलं नऊ, श्वेताचं आलं पाच.

श्वेताने डबी हातात घेतली, उलटसुलट केली आणि खाली ठेवली. म्हणाली, "आई, लहानपणापासून मला खालचंच देत आलीस. आज छापून आलं." जेवली नाही. डबी इथेच टाकून बोरिवलीला गेली, ती अजून आलेली नाही. फोनवर हवापाण्याचं बोलते.

कुंकू लागलेलं नऊ आणि स्वच्छ ते पाच? नीलाला म्हटलं, चल गं, गंमत करू. दुपारी राजेश कामावर गेलेला असताना आम्ही दोन्ही डब्या अडकित्त्याने उघडल्या. ओरखडा उमटू दिला नाही. मग कार्डं पुन्हा त्याच कंपनीला पाठवली, फक्त नावं फिरवून. कुंकवाचं श्वेताच्या नावाने, स्वच्छ राजेशच्या नावाने.

निकाल आला. राजेशच्या नावाने गेलेलं नऊ. श्वेताच्या नावाने गेलेलं पाच, आणि खाली शेरा, कोपऱ्यावर लाल डाग. म्हणजे मुलाचं होतं तेव्हा कुंकू दिसलं नाही, मुलीचं झालं तेव्हा दिसलं! मी नीलाला टाळी दिली. इतकी हसले की ठसका लागला. हसू ओसरल्यावर चारही निकाल एकत्र करून ठेवले.

नीलाने कंपनीला तक्रार केली, म्हणून परवा रविवारी ही दोघं आली. मी चारही निकाल पुढे ठेवले. मॅडम म्हणाल्या, आजी, शेवटी माणूस बघतो, थोडं इकडंतिकडं होतंच. मी म्हटलं, इकडंतिकडं झालं असतं तर एकदा तरी श्वेताकडे झुकलं असतं. मिठाईचा पुडा तसाच बांधलेला. शेवटी देवव्रत म्हणाला, "काकू, राजेशचं नाव दिसलं की हात थोडा सैल सुटतो. त्यानेच सांगितलं होतं, माझं आहे, सांभाळून घे."

मी राजेशकडे बघितलं. म्हणाला, "आई, सगळेच सांगतात ना. ओळख असते कशाला?"

"आणि श्वेता न जेवता उठली, तेव्हा तुला हे ठाऊक होतं?"

तो मोबाईल बघत राहिला. कंपनी परकी, तिचा राग दोन दिवसांत जाईल. देवव्रतला मी आमटी वाढली, त्याचंही मी गिळीन. पण माझ्या पोराने बहिणीला असं समजू दिलं की आईने तिला कमी दिलं, आणि गप्प बसला. हे कुठल्या कलमात घालायचं ते वकीलबाईंनाही सांगता आलं नाही.

म्हणून असं ठरवते. दोन्ही कार्डं डब्यांतून काढली आहेत, ती नीलाकडे राहतील. त्यांना पुन्हा आकडा लावू नये. राजेशने श्वेतासमोर बसून, स्वतःच्या तोंडाने, खरं काय झालं ते सांगावं. मी सांगितलं तर ती म्हणेल, आई मुलाचं झाकते आहे. त्याने सांगितल्यावर श्वेताने हवं ते कार्ड आधी उचलावं, उरेल ते राजेशचं. माझ्या डोळ्यांदेखत झालं तर बरं. माझ्या माघारीही त्याने सांगितलं नाही, तर दोन्ही कार्डं श्वेताची, आणि नीलाने हा कागद तिला मोठ्याने वाचून दाखवावा.

वरचं सगळं मी माझ्या हाताने लिहिलं, साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली. शुद्धलेखन कोणी सुधारू नये.

सही: वनमाला जयवंत परुळेकर

साक्षीदार:
१. डॉ. नंदकिशोर सामंत, मुलुंड पूर्व
२. गंधाली राऊत, शेजारीण, मुलुंड पूर्व

ठिकाण: मुलुंड पूर्व, मुंबई
तारीख: १८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

ता. क. राजेश बोरिवलीला कधी जाणार ते अजून बोललेला नाही. देवव्रत आणि मॅडम मात्र कंपनीची लेखी कबुली घेऊन येत्या गुरुवारी नक्की परत येतो म्हणाले आहेत.